गोव्यातील जुन्या बाजारात खरी चांदी ओळखावी कशी?

डिचोलीची लेक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पणजीतील जुन्या वस्तूंची एकदोन दुकाने आणि जुन्या घरांतून निघालेले सामान विकणारा एक भंगाराचा अड्डा, अशी माझी अधूनमधून फेरी असते. चिनी मातीची भांडी आणि लाकडी सामान यांची मला बऱ्यापैकी पारख आहे, परंतु चांदीच्या वस्तू समोर आल्या की विक्रेता सांगेल त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. विक्रेत्यालाही फारसे ठाऊक नसते, हे आता लक्षात येऊ लागले आहे.

सध्या तीन वस्तू मनात घोळत आहेत. पहिली म्हणजे तीन पायांचे, काठाला मण्यांसारखी नक्षी असलेले लहान गोल तबक. त्याच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याहून लहान शिक्का आहे. त्यात लांब तोंडाच्या एखाद्या जनावराचे डोके आणि दोन उभ्या रेघा असाव्यात असे वाटते. दुकानदाराचे म्हणणे असे की त्यावर ९२५ कोरलेले नाही, म्हणजे ती चांदी नव्हे, आणि म्हणून तो ते जर्मन सिल्व्हरच्या भावात द्यायला तयार आहे. दुसरी वस्तू म्हणजे काळवंडलेल्या सहा चमच्यांचा संच. प्रत्येक चमच्याच्या दांड्यामागे ओळीने चार चौकटी आहेत, आणि दुकानदाराच्या मते ही ‘विलायती शिक्क्याची अस्सल चांदी’ आहे. तिसरी वस्तू गुलाबदाणी. तिच्यावर कोणताही शिक्का नाही, वरच्या फुलाची एक पाकळी तुटलेली आहे आणि ती वजनावर, मोडीच्या भावाने मिळते आहे.

शिक्के वाचायचे कसे, शिक्का नसलेली वस्तू घ्यावी की नाही, वस्तूला इजा न करता तिचा कस कसा पाहावा आणि अशा खरेदीत कायद्याची काही अडचण येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भिंगवाला

दुकानदाराने नाकारलेले तबक हीच या तिघांतील सर्वांत भरवशाची वस्तू दिसते, आणि ज्या चमच्यांची तो ग्वाही देतो त्यांच्याविषयी मला दाट शंका आहे.

९२५ हा आकडा इंग्रजी ‘स्टर्लिंग’ चांदीचा आहे. आजचे चांदीचे दागिनेही बहुधा त्याच कसाचे असल्यामुळे बाजारात अशी समजूत रुजली आहे की ९२५ नाही तर चांदी नाही. पोर्तुगालमध्ये मात्र चांदीचे दोन कस चालत असत: हजारांत ९१६ भाग आणि हजारांत ८३३ भाग. तेथील १८८७ ते १९३७ या काळातील सरकारी शिक्क्यात रानडुकराचे डोके असे आणि सोबत रोमन आकड्यांत कस दर्शवलेला असे. एक रेघ म्हणजे ९१६ आणि दोन रेघा म्हणजे ८३३. आपल्याला जे लांब तोंडाचे जनावर वाटते ते रानडुक्कर असल्यास ते तबक ८३३ कसाच्या पोर्तुगीज चांदीचे ठरते. पुढे १९३८पासून १९८४पर्यंत रानडुकराच्या जागी गरुड आला आणि रेघांऐवजी ९१६ किंवा ८३३ असे आकडेच येऊ लागले. तपासणी पोर्तो शहरात झाली की लिस्बनमध्ये, हे शिक्क्याभोवतीच्या चौकटीच्या आकारावरून कळते. त्याहून जुन्या वस्तूंवर मुकुटाखाली ‘पी’ किंवा ‘एल’ हे अक्षर आढळते, ते अनुक्रमे पोर्तो आणि लिस्बनचे. १९६१पर्यंत गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या आणि भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांतून अशी तबके, दात कोरण्याच्या काड्या ठेवण्याची चांदीची नक्षीदार घडवंची, मेणबत्त्यांचे स्तंभ असे सामान येथे निघणे स्वाभाविक आहे. ज्याला रानडुक्कर ओळखता येते त्याच्यासाठी आपला प्रदेश मुंबई-पुण्याहून अधिक फलदायी आहे, असे माझे मत आहे.

आता चमचे. खऱ्या इंग्रजी चांदीवर चालत्या पवित्र्यातील, पुढचा एक पंजा उचललेला सिंह असतो; तो स्टर्लिंगची खूण. त्याच्या शेजारी शहराची खूण असते: लंडनसाठी बिबळ्याचे तोंड, बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर आणि शेफील्डसाठी १९७४पर्यंत मुकुट. वर्ष दाखवणारे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे त्याखेरीज. १७८४ ते १८९० या काळातील बहुतेक वस्तूंवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही दिसते. मुलाम्याचे कारखानदार नेमका याचाच फायदा घेत. ई-पी-एन-एस ही चार अक्षरे ते चार वेगवेगळ्या ढालींत, वळणदार जुन्या लिपीत अशी ठोकत की लांबून पाहणाऱ्याला ते चार सरकारी शिक्केच वाटावेत. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवलेला आहे. या मिश्रधातूलाच जर्मन सिल्व्हर म्हणतात आणि नावात काहीही असले तरी त्यात चांदी नसते. ‘ए-वन’ हीदेखील मुलाम्याच्या जाडीची प्रत आहे, चांदीची नव्हे. विजेच्या मुलाम्याचे इंग्लंडमधील एल्किंग्टन यांचे पेटंट १८४०चे आहे, तेव्हा असा चमचा ‘अठराव्या शतकातला’ म्हणून कोणी पुढे केला तर त्याच्याशी वाद न घालता पुढच्या दुकानाकडे वळावे.

चमचा पालथा धरून, टेबलावर ठेवल्यावर त्याचा जो उंचवटा टेकतो तेवढीच जागा भिंगाखाली पाहावी. मुलामा सर्वांत आधी तेथेच झिजतो. खाली पिवळसर करडा रंग दिसला तर जर्मन सिल्व्हर, लालसर दिसला तर तांबे. सराफ वापरतात ते दसपट भिंग खिशात असल्याशिवाय या बाजारात पैसे काढूच नयेत.

याखेरीज फ्रान्सचे शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचे मस्तक आणि जर्मनीची चंद्रकोर, मुकुट व ८०० हा आकडा ही जोडी लक्षात ठेवावी. जर्मनीची ही पद्धत १८८८पासूनची आहे. भारतीय वस्तूंपैकी कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर ही नावे किंवा भुजच्या उमरसी मावजी यांची ‘ओ. एम.’ ही अक्षरे दिसली तर वजनाचा हिशेब बाजूला ठेवावा, कारण या कामांना संग्राहक चांदीच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात. अर्थात, अशा नावांचे खोटे शिक्केही बनतात.

शेटांची पेढी

भिंगवाल्यांचे विवेचन उत्तम आहे, तरीही गोव्यात केवळ शिक्क्याच्या मागे लागणाऱ्याच्या हातून चांगल्यातले चांगले काम निसटते, असे मी म्हणेन. येथील शेटांनी, म्हणजे सोनारांनी, घडवलेल्या चांदीवर बहुधा शिक्का नसतोच. गिऱ्हाईक ओळखीचे असे, पुष्कळदा चांदीही त्याचीच असे. तो नाणी किंवा जुने मोडके दागिने आणून देई, शेट त्याच्यासमोर वजन करून घेई आणि घडणावळ घेऊन वस्तू परत करी. या व्यवहारात शिक्का ठोकून खात्री कोणाला द्यायची? हीच परंपरा किती पोहोचलेली होती हे पाहायचे असेल तर जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी पाहावी. ती १६३६-३७मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तेथून जवळच सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथील चांदीच्या वस्तूंसमोर तासभर उभे राहिल्यावर बाजारातील हिणकस काम आपोआप डोळ्यांत खुपू लागते.

त्यामुळे ताई, आपली गुलाबदाणी मला तबकाइतकीच महत्त्वाची वाटते. तिचे वरचे फूल फिरवून काढावे आणि मानेच्या आत उजेड पाडून पाहावे. हाताने उठाव दिलेल्या पत्र्यात बाहेर जेथे पान किंवा फूल उंच आलेले असते तेथे आत तसाच खळगा असतो आणि त्या खळग्यात पोगराच्या (नक्षी ठोकण्याच्या छिन्नीच्या) ठोक्यांच्या बारीक, एकमेकींवर चढलेल्या खुणा दिसतात. ओतीव वस्तूची आतली बाजू गुळगुळीत किंवा वाळूसारखी खरखरीत असते, आणि बाहेरच्या नक्षीच्या कडा झोपलेल्या असतात. फुलाचे आटे हाताने कापलेले असल्यास त्यांतील अंतर थोडे कमीजास्त असते. जोडाची रेघही पाहावी. चांदीच्या डागाची, म्हणजे सांधा जोडणाऱ्या झाळाची, रेघ बारीक आणि किंचित पिवळसर असते. करडा, फुगलेला, नखाने ओरखडता येणारा गोळा दिसला तर कोणीतरी मध्यंतरी शिसे-कथलाचा डाग मारलेला आहे असे समजावे. अशी वस्तू पुढे भट्टीवर नेली की तापलेले शिसे चांदीला खाते. तुटलेली पाकळी शिसेविरहित असेल तर ती बसवून घेणे अवघड नाही. पाकळी हरवलेली असली तरी चालेल, पण डाग वाईट असेल तर भावात घासाघीस करावी.

कस पाहण्यासाठी अम्ल लावू नये. नायट्रिक अम्लाचा थेंब तांब्यापितळेवर हिरवा फेस आणतो, हे खरे आहे. परंतु मुलाम्याखालचा धातू पाहायचा तर आधी कानशीने खाच पाडावी लागते, आणि जुन्या वस्तूवरची खाच कायमची असते. कसोटीच्या दगडावर तळाच्या कडेची अगदी पुसट रेघ ओढावी आणि शेजारी राणीछाप रुपयाची रेघ ओढून रंग ताडून पाहावा. जुन्या ब्रिटिश रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात १९३९पर्यंत ९१.७ टक्के चांदी असे. गोव्याचा १८८१-८२चा पोर्तुगीज रुपयाही त्याच वजनाचा आणि कसाचा आहे. १९४० ते १९४५च्या ब्रिटिश रुपयात निम्मीच चांदी असल्यामुळे तो तुलनेसाठी घेऊ नये. कसोटीलाही मर्यादा आहे: जाड मुलामा असेल तर दगडावर मुलाम्याचीच रेघ उमटते.

म्हणून मी पाण्याचे वजन सर्वांत वरचे मानतो. दशांश दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. मग वस्तू दोऱ्याने अशी सोडावी की ती पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा येईल त्याने वस्तूच्या कोरड्या वजनाला भागावे. शुद्ध चांदीचे उत्तर १०.४९ येते, ९२५चे सुमारे १०.३६ आणि ८३३चे सुमारे १०.२. जर्मन सिल्व्हर, पितळ आणि तांबे ही सगळी ९च्या आतच राहतात. चुंबकाचा उपयोग फक्त लोखंड पकडण्यापुरता आहे. जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा ‘चुंबक लागत नाही म्हणजे चांदी’ हे ऐकून भुलू नये.

आगबोट

चमच्यांविषयी थोडी भर घालतो. आमच्या भागात घरटी एखादा तरी माणूस तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, होता. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या आगबोटींवर गोवेकर मोठ्या संख्येने स्वयंपाकी आणि कारभारी म्हणून काम करीत, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या पेट्यांतून काटे-चमचे, चहादाण्या, ट्रे असे सामान गावी आले. त्यातले बहुतेक मुलाम्याचे आहे, कारण बोटीवरच्या रोजच्या वापराला खरी चांदी देणे कोणत्याच कंपनीला परवडले नसते. तरी दांड्यावर कंपनीचे चिन्ह किंवा बोटीचे नाव असेल तर ती वस्तू टाकाऊ समजू नये. चांदी म्हणून नव्हे, परंतु आगबोटींच्या वस्तू जमवणारे लोक तिला चांगला भाव देतात.

वजनाच्या बाबतीत दोन फसगती कायम होतात. मेणबत्तीच्या स्तंभांचे बूड बहुधा राळेने किंवा सिमेंटसारख्या भरावाने भरलेले असते आणि वर चांदीचा केवळ पातळ पत्रा असतो. सुऱ्यांच्या मुठीही तशाच, आत राळ भरलेल्या असतात आणि पाते पोलादाचे असते. असा माल कोणी सरसकट वजनावर देत असेल तर तो तुम्हाला राळ चांदीच्या भावाने विकतो आहे.

आणि हणजूणचा बुधवारचा बाजार किंवा हडफड्याचा शनिवारचा रात्रीचा बाजार यांत ‘पुराणी चांदी’ म्हणून मांडलेले बहुतेक सामान नवे असते आणि रसायनाने काळे केलेले असते. हाताळलेल्या जुन्या वस्तूचे उंच भाग उजळ आणि खाचा काळ्या असतात. या नव्या सामानाचा काळेपणा मात्र सगळीकडे सारखा, जणू बूट पॉलिश लावल्यासारखा. मी तेथे चांदीसाठी जात नाही. जुने घर विकायला काढल्यावर सामानाचा पहिला लॉट जेथे उतरतो तेथेच, सकाळी लवकर जाणे फायद्याचे ठरते.

डिचोलीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. भिंग घेऊन पुन्हा जाऊन आले. चमच्यांवरच्या चार चौकटींत वळणदार अक्षरांत ई, पी, एन, एस हेच निघाले आणि एका चमच्याच्या पाठीला पिवळसर चट्टाही दिसला, त्यामुळे तो विषय मिटला. तबकावर रानडुक्करच आहे. दुकानदाराने काहीशा कुतूहलानेच पाण्यात वजन करू दिले: कोरडे वजन २१४ ग्रॅम आणि पाण्यातील आकडा २१, म्हणजे भागाकार १०.१९. गुलाबदाणीच्या आत मात्र शेटबाबांनी सांगितल्याप्रमाणे ठोक्यांच्या खुणा आहेत, पण पाण्याचे उत्तर ८.१ आले. अशा वेळी काय समजावे?

शेटांची पेढी

तबकाचे उत्तर ८३३ कसाशी तंतोतंत जुळते आहे. गुलाबदाणीचे उत्तर मी अजून खरे मानणार नाही. जर्मन सिल्व्हर असती तरी उत्तर साडेआठच्या खाली यायला नको होते, म्हणजे पोकळ भागात हवा अडकली असावी. फूल, मान आणि बूड वेगळे करावे, प्रत्येक भाग पाण्याखाली तिरपा धरून बुडबुडे बाहेर काढावेत आणि मगच एकेकाचे वजन घ्यावे. बूड दुहेरी पत्र्याचे, कायमचे बंद केलेले असेल तर त्या भागाला ही पद्धत लागूच पडत नाही; तेथे फक्त फुलाचे आणि मानेचे उत्तर धरावे. दोन्ही १०च्या वर गेली तर वस्तू घ्यावी.

घेतल्यावर ती घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरेसे आहे. ॲल्युमिनियमची पन्नी आणि खाण्याचा सोडा यांचा जो उपाय सगळीकडे फिरतो तो खाचांतला काळेपणाही काढून टाकतो, आणि नक्षी सपाट, निर्जीव दिसू लागते. दात घासण्याची पेस्ट किंवा तांबेपितळ घासण्याची पूड तर अजिबात नको. शिक्का झिजला की तबकाची अर्धी किंमत गेली.

काळा कोट

कायद्याचा प्रश्न मागे राहिला म्हणून लिहितो. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२चा असून शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात पुरावस्तू ठरते. ती घरात बाळगणे किंवा भारतात विकत घेणे हा गुन्हा नाही, परंतु अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. रानडुकराचा शिक्का १८८७ ते १९३७ या काळातील असल्यामुळे आपले तबक शंभर वर्षांच्या अलीकडचेही असू शकते आणि पलीकडचेही, तेव्हा ते परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. नोंदणीची सक्ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रकारांपुरती आहे. त्यात धातूच्या मूर्ती येतात, म्हणून जुनी चांदीची मूर्ती किंवा मुखवटा समोर आल्यास विक्रेत्याकडे नोंदणीचा दाखला मागावा. जमिनीत पुरलेले सापडले असे कोणी सांगत असेल तर तो विषय १८७८च्या निखात निधी कायद्याचा आहे आणि त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

देवळातील किंवा चर्चमधील वस्तूंच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. समई, प्रभावळ, पालखीचा पत्रा, क्रूस, धूपपात्र, कालिस (चर्चमधील विधीचा पेला) अशा वस्तूंच्या बुडाला किंवा आतल्या कडेला देवस्थानाचे, चर्चचे किंवा अर्पण करणाऱ्याचे नाव कोरलेले आहे का ते पाहावे. नाव खरवडून काढल्याची सपाट, अधिक चकचकीत जागा दिसली तर ते अधिकच वाईट लक्षण. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना तो घेणे हा गुन्हा आहे, आणि मोडीच्या भावात मिळाला हे अशा वेळी बचावाचे नव्हे तर संशयाचे कारण ठरते. तबक आणि गुलाबदाणी घरगुती असल्याने ही अडचण दिसत नाही. तरीही पावतीवर नुसते ‘जुने भांडे’ न लिहिता वस्तूचे वर्णन, वजन, शिक्का, तारीख आणि विक्रेत्याची सही घ्यावी, आणि त्याच दिवशी शिक्क्यासह छायाचित्र काढून पावतीला जोडावे.

डिचोलीची लेक

फूल आणि मान वेगवेगळी करून पाहिली, उत्तरे १०.३ आणि १०.२ आली. बूड बंद आहे, म्हणून ते सोडून दिले. दोन्ही वस्तू घेतल्या, पावती काळा कोट यांनी सांगितली तशीच करून घेतली. चमचे तेथेच आहेत, कोणाला आगबोटीच्या वस्तूंचा छंद असेल तर कळवावे. दांड्यावर नांगर आणि दोरखंडाचे एक चिन्ह आहे, पण कंपनीचे नाव मला वाचता आले नाही.